आजोबांची मोटार कोणाची?

आमच्या गॅरेजमध्ये एक मोटार चोवीस वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, १९६९ सालची; जिचा मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीचा असतो, ती. आमच्या वयाच्या वाचकांना अधिक वर्णन नको. हिच्याच घराण्यातली साधी मायनर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याच्या कारखान्यात ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने निघत असे, आणि तिची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड हिला तर ॲम्बॅसडर म्हणून सारा हिंदुस्थान ओळखतो. १९७३ साली लंडनमध्ये आम्ही ही ट्रॅव्हलर जुनी म्हणून विकत घेतली. तीतून दोन मुले शाळेत गेली, तीतून घर बदलले, आणि मुंबईहून आलेला प्रत्येक पाहुणा विमानतळावरून तीतूनच घरी आला. १ जानेवारी २००० पासून शिसे घातलेले पेट्रोल या देशात बंद होणार असे ठरले, तेव्हा त्या निमित्ताने आम्ही ती गॅरेजमध्ये लावली. पेट्रोल हे नुसते निमित्त होते. खरे कारण आमचा कंटाळा.

लोक विचारीत, मोटार विकत का नाही? आम्ही म्हणत असू, आठवणी आहेत, जपून ठेवली आहे. ‘जपून ठेवली आहे’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावे. त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात नातवाला पंधरा वर्षे पूर्ण झाली. त्याने ताडपत्री उचलून पाहिली आणि विचारले, ‘आजोबा, ही मला द्याल?’ आम्ही क्षणाचाही विचार न करता होय म्हटले. देणे सोपे असते. चार दिवसांनी त्याने एक वही दाखविली. तीत यादी होती: पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक, मागच्या सीटला पट्टे, डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, १०९८ सी.सी.च्या जागी १२७५ सी.सी.चे इंजिन, आणि अंगावरचा हिरवा रंग जाऊन त्या जागी फिका जांभळा. आम्ही वही मिटून म्हणालो, ‘आम्ही तुला मॉरिस दिली. ही यादी कुठल्या मोटारीची?’ तो म्हणाला, ‘माझ्या.’

त्या एका शब्दावर आम्ही दोन वर्षे विचार करीत आहो. दिलेल्या वस्तूवर देणाराचा हक्क किती उरतो? वस्तू दिली पण ती कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार ठेवून घेतला, तर ते देणे झाले की राखणदार नेमणे झाले? आणि दुसऱ्या बाजूने, घेणाराने ती इतकी बदलली की दिलेली वस्तूच उरली नाही, तर त्याला तरी काय मिळाले?

आमचा पहिला युक्तिवाद असा होता की जुनी वस्तू दुरुस्त करावयाची ती मूळ होती तशीच करावी. या देशात या मताला मोठे वजन आहे. परंतु खोलात गेल्यावर प्रथम गाठ पडली ती एका वेगळ्याच मॉरिसची. कवी व कारागीर विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली, ती आजही आहे. त्याचे भांडण जुन्या इमारती पाडणारांपेक्षा त्या ‘पूर्ववत’ करणारांशीच अधिक होते. जुन्या चर्चचे मधल्या शतकांतले थर खरवडून त्याला एखाद्या कल्पित मूळ रूपात नेणे, हे त्याच्या मते त्या इमारतीचा इतिहास पुसणे होते. त्याचा आग्रह एवढाच, की रोजच्या रोज काळजी घ्या, गळके छप्पर वेळेवर शाकारा, आणि जे दुरुस्त कराल ते दुरुस्त केलेले दिसू द्या. गंमत अशी की त्याच १८७७ साली दुसरा विल्यम मॉरिस जन्मला, ज्याच्या नावाची ही मोटार. हे पुढे लॉर्ड नफिल्ड झाले. सोळाव्या वर्षी चार पौंड भांडवलावर यांनी ऑक्सफर्डला आईबापांच्या घरामागच्या छपरात सायकली दुरुस्त करण्याचा धंदा सुरू केला. म्हणजे आमच्या नातवाच्या वयाचा पोर, आईबापांची पडवी आणि लोकांच्या मोडक्या वस्तू, यांतून त्या साऱ्या कारखान्याचा उगम आहे.

आता ‘मूळ’ म्हणजे काय तेही पाहू. मायनर रेखाटणारे ॲलेक इसिगोनिस हे स्मर्नाचे. तुर्क-ग्रीक युद्धाच्या धामधुमीत १९२२ साली त्या कुटुंबाला घरदार सोडावे लागले, आणि पुढे आईसह ते इंग्लंडला आले. मायनरचा नमुना तयार झाला, कारखाना सज्ज होत आला, आणि इसिगोनिसना वाटू लागले की गाडी अरुंद दिसते. त्यांनी नमुना उभा मधोमध कापवून दोन अर्धुके दूर सारली. चार इंच अंतरावर ती त्यांच्या मनास आली. पण बंपर तोवर तयार होऊन पडले होते! म्हणून ते कापून मध्ये तुकडा जोडण्यात आला, आणि बॉनेटच्या मध्यावर जी सपाट पट्टी दिसते ती त्याच चार इंचांची खूण. १९४८ मध्ये जी मायनर बाजारात आली ती अशी कापून जोडलेली आली. आम्ही ज्याला पवित्र मूळ म्हणत होतो, तेच कुणीतरी ऐनवेळी मन बदलल्याचे फळ होते. लॉर्ड नफिल्डना तर गाडी मुळीच आवडली नाही. ही म्हणजे पाण्यात सोडून उकडलेले अंडे, असे ते म्हणाले म्हणतात.

रंगाच्या वादात आमची फजिती याहून मोठी झाली. ‘मॉरिस कधी जांभळी नव्हती,’ असे आम्ही जेवणाच्या टेबलावर ठासून सांगितले. नातू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चित्र आणून ठेवले. दहा लाख विकली गेलेली पहिली ब्रिटिश मोटार म्हणजे मायनर, आणि त्या प्रीत्यर्थ १९६१ च्या सुमारास कारखान्याने साडेतीनशेच्या आसपास गाड्या खास फिक्या जांभळ्या रंगात काढल्या होत्या. ‘पण त्या ट्रॅव्हलर नव्हत्या,’ असे आम्ही म्हणालो खरे. सौ. जे हसल्या ते आम्ही अजून विसरलेलो नाही.

तेव्हा प्रश्न एक पायरी खाली आला. मूळ राहो न राहो, मोटार तीच राहील का? यावर नातवाने एका जुन्या विनोदी मालिकेतला झाडूवाला सांगितला. तो ट्रिगर नावाचा गृहस्थ वीस वर्षे एकच झाडू वापरल्याबद्दल अभिमान बाळगतो, आणि त्या झाडूला सतरा नवे कुंचे व चौदा नवे दांडे लागलेले असतात. ग्रीक पंडितांनी हेच एका जहाजाबद्दल विचारले होते. आम्हांला मात्र पेणजवळचा आमच्या आजोबांचा घाणा आठवला. बेने इस्राएलांच्या घरी घाणा म्हणजे काय हे सांगावयास नको. त्याची लाट झिजली की नवी येई. आमच्या वडिलांच्या सांगण्याप्रमाणे एकदा उखळही बदलले. बैल तर कितीतरी झाले. तरी गावात त्याला आजोबांचाच घाणा म्हणत, आणि कुणी नवे उखळ दाखवून ‘हा तो घाणा नव्हे’ असे म्हटले असते तर लोकांनी त्याच्याकडे दयेने पाहिले असते. घाणा शनिवार सोडून रोज फिरत होता, त्यातून तेल निघत होते.

सरकारला मात्र असे गावकीचे उत्तर चालत नाही. इथल्या मोटारनोंदणी खात्याने बदललेल्या गाडीची ओळख ठरविण्यासाठी पुष्कळ वर्षे गुणांची पद्धत ठेवली होती. मूळ चासी किंवा सांगाडा असेल तर पाच गुण, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. सांगाडा धरून आठ गुण भरले तर गाडीचा जुना नंबर तिच्याकडे राही. ज्या इंजिनाला आपण गाडीचे काळीज म्हणतो त्याला सरकारदरबारी एकच गुण, हे वाचून आम्ही थक्क झालो. ऑगस्ट २०२५ मध्ये हे धोरण बदलले. आता मूळ धर्तीवर केलेली दुरुस्ती कळविण्याची गरज नाही, सांगाड्यात मोठा फेरफार केला तर मात्र कळवावे लागते. म्हणजे सरकारचेही या प्रश्नावर एकदाच काय ते मत झाले असे नाही.

कोर्टाचे मत आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटले. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेली एक बेंटली गाडी १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली. नंतर तिच्यात शर्यतींसाठी फेरफार होत गेले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक ठार झाला. पुढे तिला बंद छपराचे नवे अंग बसविले गेले. १९९० साली तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला, आणि ही खरी गाडीच नव्हे असे म्हणून खरेदीदार मागे फिरला. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे दावा चालला. १९२९ च्या गाडीतले फारच थोडे उरले होते, तेव्हा तिला मूळ गाडी म्हणता येणार नाही हे त्यांनी मान्य केले. परंतु ती कधी मोडून संपली आणि मग नव्याने रचली गेली असे झाले नव्हते. एका रूपातून दुसऱ्या रूपात तिचा इतिहास अखंड चालत आला होता. म्हणून ती अस्सल ओल्ड नंबर वन, असा निकाल झाला. पेणच्या गावकऱ्यांनी हाच निकाल फुकटात दिला असता.

या निकालाने आमचा नातू खूश झाला, आणि आम्ही अस्वस्थ. कारण अखंड इतिहास हीच जर कसोटी, तर आमच्या मोटारीच्या इतिहासात चोवीस वर्षांचे भगदाड कुणी पाडले?

मदतीविषयी थोडे. शनिवारी काम नाही, म्हणून रविवार मोटारीचा. सूनबाईंनी कार्ब्युरेटर धुण्यासाठी स्वयंपाकघरातले पातेले दिले. ते परत घेतले नाही. धाकटी नात दिव्यांच्या वायरी ओळीने चिठ्ठ्या लावून ठेवी, आणि एकही वायर चुकली नाही. अडचण झाली ती चिरंजिवांची. पोरगा एखाद्या गंजलेल्या नटाशी झगडू लागला की यांचा हात शिवशिवे, आणि ‘आण इकडे’ म्हणून पाना काढून घेत. दहा मिनिटांत नट निघे. पोरगा बाजूला उभा राहून टॉर्च धरी. असे चार रविवार झाल्यावर पाचव्या रविवारी तो खाली आलाच नाही. चिरंजीव म्हणाले, आजकालच्या पोरांना चिकाटी नाही. आम्ही त्यांना आठवण करून दिली की याच मोटारीचे चाक बदलताना १९८८ साली आम्हीही त्यांच्या हातातून जॅक काढून घेतला होता, आणि त्यानंतर त्यांनी मोटारीला हात लावला नव्हता. त्यांना ते पक्के आठवत होते. आम्हांला वाटले होते ते विसरले असतील. त्या दिवसापासून नियम झाला: पाना ज्याच्या हातात, काम त्याचे, बाकीच्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये. काम तिपटीने लांबले. दोन बोल्ट तुटले, एक पत्रा वाकडा वेल्ड झाला, तो अजून वाकडाच आहे.

परंतु सगळेच त्याच्या मर्जीवर सोडावे का? इथे आमचे मत ठाम आहे. चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरबदल न झालेल्या मोटारींना मे २०१८ पासून या देशात दरवर्षीच्या एम.ओ.टी. तपासणीतून सूट आहे. नातवाने हा कायदा मोठ्या आनंदाने वाचून दाखविला. आम्ही म्हटले, कायदा तुला तपासणी माफ करतो, ब्रेक निकामी झाल्यावर समोरच्या माणसाला काय माफ करतो? गाडी रस्त्यावर नेण्याजोगी असलीच पाहिजे, ही जबाबदारी त्याच कायद्याने मालकावर ठेवलेली आहे. सूट आहे ती कागदाची. रंग तुझा, इंजिन तुझे, पण एम.ओ.टी. केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. दुसरी अट अशी, की जे बदलले ते नोंदणीपुस्तकात कळवावयाचे, आणि कुणी विचारले तर ‘ओरिजिनल आहे’ असे सांगावयाचे नाही. वस्तू बदलण्यात खोटेपणा नाही, बदलून न बदलल्याचे भासविण्यात आहे. त्याने दोन्ही अटी लगेच मानल्या. आम्हांला वाटले, जिंकलो.

मग लाकूड आले. ट्रॅव्हलरची लाकडी चौकट शोभेची नसते. ॲश झाडाच्या लाकडाची ती चौकट मागच्या छपराचा व बाजूंचा भार पेलते, म्हणून ती कुजली असेल तर एम.ओ.टी. मिळत नाही. आमच्या गाडीची उजवीकडची खालची पट्टी कुजली होती. ती पट्टी कारखान्याची नव्हती. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतारकामाला होते. १९८४ च्या उन्हाळ्यात ते दोन महिने आमच्याकडे आले. लंडन पाहावयाचे सोडून तिसऱ्याच दिवशी त्यांनी मोटारीचे लाकूड बोटांनी ठोकून पाहिले, शेजाऱ्याकडून रंधा व पटाशी मागून आणली, आणि ती पट्टी नवी करून बसविली. बसविण्यापूर्वी आतल्या बाजूला पेन्सिलीने आपले नाव, तारीख, आणि खाली एक ओळ लिहिली: ‘लाकूड चांगले आहे. पाण्यापासून जप.’ दादा २००६ साली ठाण्याला वारले. त्यांचे हस्ताक्षर आमच्याकडे दुसरे कुठलेही नाही.

ती पट्टी काढावयाची नाही, असे आम्ही सांगितले. चिरंजिवांनी तोड काढली की कुजलेला भाग कोरून रसायन भरू, वरून वार्निश मारू, तपासणाराला कळणारही नाही. नातवाने काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर पट्टीवर टेकवला आणि हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मग त्याने विचारले, ‘आजोबा, मागच्या सीटवर बसणार कोण?’ धाकटी नात तिथेच वायरी गुंडाळीत बसली होती.

तपासणाराला कळणार नाही, ही तोड आम्हांला क्षणभर बरी वाटली होती, हे येथे लिहून ठेवितो. एक आठवड्यापूर्वी त्याच पोराला आम्ही खोटेपणावर व्याख्यान दिले होते.

आणि ‘पाण्यापासून जप’ ही ओळ आमच्यासाठी होती. गॅरेजचे छप्पर गळते हे आम्हांला पंधरा वर्षे ठाऊक होते. ताडपत्रीखाली ओल धरते हेही ठाऊक होते. विल्यम मॉरिसला हवी असलेली रोजची काळजी म्हणजे महिन्यातून एकदा ताडपत्री उचलून गाडीला वारा देणे. तेवढेही आम्ही केले नाही, आणि लोकांना ‘जपून ठेवली आहे’ असे सांगत राहिलो. दादांचे लाकूड आम्ही कुजविले. ज्याला आम्ही मूळ बिघडविणारा म्हणत होतो तो पोरगा दोन हिवाळे गारठलेल्या हातांनी ते वाचविण्याच्या खटपटीत होता. मग त्या मोटारीविषयी अधिक आदर कुणाला होता, हा प्रश्न आम्ही कुणाला विचारणार?

पट्टी निघाली. नातवाने ती फेकली नाही, की काचेच्या पेटीतही ठेवली नाही. नव्या ॲशच्या फळीवर ती आडवी ठेवून त्याने तिच्याच कडेने पेन्सिल फिरविली. दादांचा नमुना घेऊन नवी पट्टी कापली. पहिली चुकली. दुसरी बसली. बसविण्यापूर्वी त्याने आतल्या बाजूला काय लिहावे असे विचारले. त्याला मराठी बोललेले समजते, लिहिता येत नाही. आम्ही दादांची ओळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. ती त्याने चित्र काढावे तशी उतरविली, वर दादांचे नाव व १९८४, खाली आपले नाव व २०२५. सरस वाळल्यावर आमच्या लक्षात आले की ‘पाण्यापासून’मधला ऊकार त्याने ऱ्हस्व काढला आहे. आम्ही सांगितले नाही. जुनी पट्टी गॅरेजच्या भिंतीवर, गळक्या जागेपासून दूर, खिळ्याला टांगली आहे. छप्परही आता गळत नाही.

एम.ओ.टी.मध्ये गाडी पहिल्या खेपेस नापास झाली. लाकडामुळे नव्हे, हॉर्न वाजेना म्हणून. दुसऱ्या खेपेस पास झाली. इंजिन तूर्त जुनेच आहे, कारण पैसे संपले. अंग फिके जांभळे आहे. सौ. म्हणतात छान दिसते. आमचे मत आम्ही विचारल्याशिवाय देत नाही.

नातवाला सतरा वर्षे झाल्याने शिकाऊ परवान्यावर चालविता येते, मात्र शेजारी अनुभवी परवानेवाला बसावा लागतो. परवाच्या रविवारी तो मान आम्हांला मिळाला. वळणावर एक मांजर आडवे आले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्या गाडीचे ड्रम ब्रेक दाबलेल्या आमच्या उजव्या पायाने सवयीने जमिनीवर जोर दिला. तोवर गाडी थांबलीही होती.